खारीचं बिल: ३७,९५० रुपये

मुलीचं म्हणणं असं की, "बाबा, जो भेटेल त्याला तलावपाळीवर उभं करून सांगत बसता, त्यापेक्षा एकदा लिहून टाका." म्हणून लिहितोय. घोडबंदर रोडवर मानपाड्याच्या पुढे जनावरांचं एक खासगी हॉस्पिटल आहे, त्याचा हा अनुभव. नाव लिहीत नाही. पुढे एका दुसऱ्या ठिकाणाबद्दल वाईट लिहिणार आहे आणि त्याचं नाव घेणार नाही. मग एकाला झाकायचं आणि दुसऱ्याची जाहिरात करायची, हे काही बरं दिसत नाही. शिवाय रविवारी तिथे आधीच बसायला जागा नसते.

तारे आधीच सांगून टाकतो. पाचापैकी चार. एक तारा का कापला तेही येईल पुढे.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शनला होतो. हातात व्हर्निअर, खिशात गो-नोगो गेज, आणि टेबलाच्या खणात रिजेक्टचे लाल टॅग. घरात सगळे वैतागतात, पण सवय गेलेली नाही. हॉटेलात गेलो तरी डोशाची जाडी बघतो. तेव्हा दवाखान्याकडेही त्याच नजरेनं बघितलं, त्याला इलाज नाही.

खारी म्हणजे आमची कुत्री. स्पिट्झ, जिला आपल्याकडे सरसकट पामेरियन म्हणतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये मुलगी कॉलेजमधून येताना पिशवीत घालून घेऊन आली, दोन महिन्यांचं पिल्लू. रंग बेकरीतल्या खारीचा, आणि आल्याआल्या पहिल्यांदा खाल्लं तेही चहात बुडवलेली खारीच. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, खारी आमच्याकडे राहिली. आता तिच्यावर कोणाचा हक्क यावर दिवाळीला भांडणं होतात.

२०२५ च्या जुलैत, तिला नववं संपत आलं असताना, ती पाणी प्यायला लागली. म्हणजे पीत होतीच, पण आता वाडगं भरून ठेवलं की रिकामं. रात्री उठून बाथरूममधली बादली चाटायची. आठ वर्षांत घरात कधी घाण न केलेली कुत्री सोफ्याच्या पायाशी मुतली आणि आमच्याकडे बघून कान पाडून बसली. ही (म्हणजे आमची बायको) म्हणाली, "उकडतंय हो तिला." मला पटेना, कारण बाहेर धो धो पाऊस. मग मी मोजलं. दूध घ्यायचं अर्ध्या लिटरचं माप घेतलं, सकाळी सातपासून दुसऱ्या सकाळी सातपर्यंत वाडग्यात किती ओतलं आणि किती उरलं ते डायरीत लिहिलं. एक लिटर सहाशे मिली. दुसऱ्या दिवशी एक लिटर सातशे पन्नास. खाणं मात्र निम्म्यावर.

इथे माझी पहिली चूक. डायरी घेऊन जायचं सोडून मी ती टीव्हीखाली ठेवली आणि खारीला घेऊन वर्तकनगरात घराजवळ, चालत सात मिनिटांवर जी जागा आहे तिथे गेलो. पुढे दुकान: पट्टे, शांपू, पोपटाचं खाणं. मागे पडदा, पडद्यामागे दवाखाना. तीनशे रुपये फी, आणि जवळ. ठाण्यात जवळ असणं ही डिग्रीपेक्षा मोठी गोष्ट झाली आहे, ट्रॅफिकमुळे.

तिथल्या गृहस्थांनी खारीला टेबलावर ठेवलंच नाही. ही तिला कडेवर घेऊन उभी होती, तशीच मांडीत दोन इंजेक्शनं दिली. "हवा बदललीये, पोट बिघडलंय. ताकभात द्या. उद्या परत आणा." वजन नाही, ताप नाही, एक प्रश्न नाही. मी पाण्याचं सांगायला लागलो तर म्हणाले, "पिऊ द्या, चांगलंय." इंजेक्शनं धरून सातशे. सलग तीन दिवस गेलो. सोमवार, मंगळवार, बुधवार. एकवीसशे रुपये. चिठ्ठीवर औषधाचं नाव लागत नव्हतं आणि खाली नोंदणी क्रमांकही नव्हता, हे मला नंतर दिसलं. १९८४ च्या कायद्याप्रमाणे पशुवैद्यक परिषदेकडे नाव नोंदवलेल्या माणसानंच जनावरांवर उपचार करायचे असतात. मी आयुष्यभर सप्लायरचं सर्टिफिकेट बघितल्याशिवाय एक बोल्ट आत घेतला नाही, आणि घरच्या जिवाच्या बाबतीत भिंतीकडे मान वर करून बघितलं नाही.

बुधवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली आणि खारी उठली नाही. ज्याच्या घरात कुत्रं आहे त्याला यातलं काय ते कळेल. पिवळी उलटी केली आणि त्यातच तोंड टेकून पडून राहिली. मेव्हणीनं फोनवर सांगितलं, "ताई, अर्धी ब्रुफेन दे, आमच्या टॉमीला दिली होती." हिने गोळी काढलीही होती. मुलीचा पुण्याहून आरडाओरडा आला म्हणून थांबलो. (नंतर डॉक्टरांनी पहिल्या पाच प्रश्नांत विचारलं, "माणसाची एखादी पेनकिलर दिलीत का?" ब्रुफेननं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात आणि किडनी बसते. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. हे मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, त्यावर सहा जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. वाचलं किती जणांनी, देव जाणे.)

रिक्षा. दोघांनी कुत्रं बघून मान हलवली. तिसरा म्हणाला, "बसा, गावाला माझं पण आहे." कापूरबावडी ते मानपाडा पन्नास मिनिटं. मेट्रोचे खांब, खड्डे, पाऊस, आणि हिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली खारी. प्रत्येक खड्ड्याला ती कण्हायची. रिक्षावाला स्वतःहून पहिल्या गिअरवर आला, मीटरवर एक रुपया जास्त घेतला नाही. त्याला पाच तारे.

हॉस्पिटलात काउंटरवर विचारलं, "पेशंटचं नाव?" खारी सांगितल्यावर त्यांनी पुढे माझं आडनाव लावलं. शाळेत नाव घातल्यासारखं वाटलं. समोर सात-आठ जण बसलेले. पण तिथला एक मदतनीस मुलगा आला, खारीचा ओठ वर करून हिरडी बघितली आणि म्हणाला, "ही आधी आत." लॅब्रेडोरवाले एक साहेब कुरकुरले. मुलगा त्यांना म्हणाला, "सर, तुमचा शेपूट हलवतोय." तिथेच मला ती जागा आवडली.

आता तपासणी. ही मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण पैसे ज्याचे दिले ते हे.

डॉक्टर म्हणजे तिशीतली एक मुलगी. आधी वजन. काट्यावर घसरू नये म्हणून रबरी चटई टाकली, आणि चटई टाकल्यावर काटा शून्यावर आणला, मगच खारीला ठेवलं. नऊ किलो आठशे. मी हिच्याकडे बघितलं. हिला माझी नजर कळते. थर्मामीटर शेपटीखाली घातला, तो वाजेपर्यंत धरून ठेवला: १०३.८. कुत्र्याचं शरीर आपल्यापेक्षा गरमच असतं, १०१ ते १०२.५ हे त्यांचं नॉर्मल, त्यावर ताप. मग वरचा ओठ उचलून हिरडी अंगठ्यानं दाबली. दाबल्यावर ती पांढरी होते, सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागता कामा नये. खारीला तीनच्या आसपास लागले. मीही मनात मोजत होतो. मग मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली. चांगल्या जनावराची झटकन बसते, खारीची हळूहळू बसली, तंबू उतरवल्यासारखी. म्हणजे एवढं पाणी पिऊनही अंगात पाणी नाही. शेवटी पोटावर दोन्ही हात ठेवून हलकेच दाबलं तेव्हा खारी गुरगुरली. नऊ वर्षांत ती माणसावर गुरगुरलेली मी पहिल्यांदा ऐकली.

हे सगळं चार मिनिटांत. एकही मशीन लागलं नाही.

मग प्रश्न. "काका, ही हीटवर शेवटची कधी आली होती?"

मी गप्प. ती माजावर कधी आली, मला काय माहीत. ही ताबडतोब म्हणाली, "वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी सुरू झालं होतं. सणाचं घर, आणि मी फरशी पुसून पुसून दमले होते." वटपौर्णिमा दहा जूनला होती. बरोबर सहा आठवडे. डॉक्टरनं मान डोलावली. मी मुलीकडून टीव्हीखालच्या डायरीचा फोटो... नाही, मुलगी पुण्याला. शेजारच्या पोराला किल्ली कुठे आहे ते सांगून त्याच्याकडून फोटो मागवला. पाण्याचे आकडे बघून डॉक्टर म्हणाली, "हे तुम्ही मोजलंत?" दहा किलोच्या कुत्र्यानं दिवसाला अर्धा-पाऊण लिटर प्यायचं, लिटरच्या वर गेलं की काहीतरी बिघडलेलं असणारच, असा त्यांचा हिशोब. एकतीस वर्षांत माझ्या रीडिंगचं कोणी एवढं कौतुक केलं नव्हतं. पण आनंद फार टिकला नाही, कारण पुढचं वाक्य होतं, "हे सोमवारीच कोणाला दाखवलं असतंत तर बरं झालं असतं."

दुखण्याचं नाव पायोमेट्रा. गर्भपिशवीत पू होतो. नसबंदी न केलेल्या कुत्रीला, वय झाल्यावर, हीट येऊन गेल्यावर काही आठवड्यांत. हीटनंतर दोन महिने अंगात गरोदरपणाचं हार्मोन चढलेलं असतं, गाभ राहिला असो वा नसो. त्यानं पिशवीचं अस्तर जाड होत जातं, आणि आत जंतू गेले की त्यांना वाढायला आयती गादी मिळते. त्या जंतूंच्या विषानं किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही. म्हणून मुतणं, म्हणून तहान. माझ्या डायरीतले ते आकडे म्हणजे तहान नव्हती, गळती होती. काही कुत्र्यांत पिशवीचं तोंड उघडं असतं, पू बाहेर येतो, मालकाला दिसतो. खारीचं बंद होतं. बाहेर थेंब नाही, आत साठतंय. हा प्रकार जास्त वाईट, कारण पिशवी फुटली की सगळं पोटात.

सोनोग्राफीसाठी पोटावरचे केस काढले. त्या मदतनीस मुलानं खारीला उताणं धरलं होतं आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होता. स्क्रीनवर एकाला एक लागून काळ्या गोल चकत्या, बटाटेवड्याएवढ्या. डॉक्टर म्हणाली, "ही पिशवी. एरवी ही शिसपेन्सिलीएवढी असते, शोधावी लागते." रक्ताचा रिपोर्ट अर्ध्या तासात आला: पांढऱ्या पेशी अडतीस हजार. सतरा हजारांपर्यंत ठीक मानतात. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही वर सरकलेलं.

"आज रात्रीच काढायला हवी," असं म्हणून तिनं एक कागद पुढे केला. त्यावर अंदाजे खर्च, ओळीनं. खाली बेरीज तीस ते पस्तीस हजार. इंजेक्शनं देऊन बरं करायचा मार्गही असतो, तोही तिनं सांगितला, पण तो तरुण, पुढे पिल्लं हवी असलेल्या, तोंड उघडं असलेल्या कुत्रीसाठी. खारीला त्यात घालणं म्हणजे वेळ घालवणं.

मी बाहेर पायरीवर येऊन उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, पहिला विचार पैशाचाच आला. माझं पेन्शन ईपीएफचं, ते सांगायची लाज वाटते एवढं आहे. घर चालतं ते फंडातून केलेल्या एफडीच्या व्याजावर. शेजारच्यांना फोन केला, किल्लीबद्दल, तर ते म्हणाले, "पस्तीस हजार? अहो, एवढ्यात तीन नवी येतील." वाईट माणूस नाही. आमच्या पिढीचा हिशोबच तो. माझे वडील असते तर हेच म्हणाले असते.

वडिलांवरून आठवलं. मी परळचा, चाळीतला. बैलघोडा हॉस्पिटलच्या भिंतीला लागून आमची शाळेची वाट. खरं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल, पण ते पाटीवर. तिथलंच पशुवैद्यकीय कॉलेज १८८६ पासूनचं. लहानपणी फाटकाच्या गजांना नाक लावून आम्ही व्हिक्टोरिया गाड्यांचे घोडे बघायचो. बैल, घोडा, गाय आत जायची, कारण ती कमावती. त्यांच्यावर पैसा घालणं म्हणजे यंत्राची दुरुस्ती. कमाई नसलेल्या, नुसत्या सोफ्याखाली झोपणाऱ्या जिवावर कोणी खर्च करतं हे त्या फाटकापाशी माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी डॉक्टरना विचारलं, परळला नेऊ का, तिथे धर्मादाय आहे, कमी लागेल. ती अजिबात रागावली नाही. म्हणाली, "न्या ना, चांगले डॉक्टर आहेत, आमचे सगळे तिथूनच शिकलेत. पण या खड्ड्यांतून आता परत दीड-दोन तास तिला हलवायची माझी तयारी नाही. पिशवी फुग्यासारखी झालीये."

मी आत आलो तर ही सहीचा कागद भरून बसली होती. माझं नाव, माझा नंबर, आणि सही तिची.

ऑपरेशनला पावणेदोन तास लागले. साडेअकराला डॉक्टर स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर आली. "बघणार का?" ही म्हणाली नाही. मी बघितलं. ट्रेमध्ये दोन फुगलेली शिंगं, एका टोकाला जोडलेली, डुकराच्या मांसाच्या दुकानात सॉसेजची माळ टांगतात तशी, पण राखाडी-जांभळी. एका ठिकाणी भिंत इतकी पातळ की आतलं चहासारखं दिसत होतं. मी विचारलं, वजन केलंत का? तिला हसू आलं, पण तिनं केलं. ट्रेचं वजा करून सहाशे चाळीस ग्रॅम. नऊ किलोच्या कुत्रीच्या पोटात. माझ्या वजनाच्या माणसाला तो हिशोब लावला तर साडेचार किलो. तेवढं पोटात घेऊन ती बिचारी दाराशी येऊन शेपूट हलवत होती, सोमवारपर्यंत.

दोन रात्री तिथे ठेवली. दुसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो तेव्हा पिंजऱ्यावर पाटी होती: नाव, वजन, सलाईन तासाला किती, लघवी किती वाजता, ताप दर चार तासांनी. रात्री तीनचंही रीडिंग लिहिलेलं, सही करून. मी ते मुद्दाम बघितलं. खोटी रीडिंग्ज मला ओळखता येतात, सगळ्यांची शाई एक असते आणि आकडे एकदम सरळ असतात. इथे तीनच्या रीडिंगला पेन बदललेलं होतं आणि कोपऱ्यात चहाचा डाग.

आता बिल. तपासणी सातशे. रक्त बावीसशे. सोनोग्राफी अठराशे. ऑपरेशनआधीचं सलाईन आणि इंजेक्शनं चोवीसशे. ऑपरेशन, गॅसची भूल, भूल देणाऱ्या डॉक्टरसकट, चोवीस हजार. राहणं दोन रात्रींचे छत्तीसशे. औषधं आणि गळ्यातला प्लास्टिकचा कोन तेवीसशे पन्नास. ड्रेसिंग आणि टाके काढणं नऊशे. एकूण सदतीस हजार नऊशे पन्नास. जनावरांच्या उपचारावर जीएसटी नसतो, तेवढी सरकारची कृपा.

आता कापलेला तारा. अंदाज पस्तीसपर्यंतचा होता, वर जवळजवळ तीन हजार गेले आणि मधे एकदाही कोणी फोन करून सांगितलं नाही. ऑपरेशनच्या रात्री मी दिले असते, पण सांगायला हवं होतं. तो कोन साडेसहाशेला लावला. गोखले रोडला तस्साच साडेतीनशेला मिळतो, मी विचारून आलो. काउंटरवरच्या मुलीशी मराठीत बोललं की ती इंग्रजीत उत्तर देते, का ते तिलाच ठाऊक. टाके काढायला दिलेल्या वेळेवर गेलो तर एक तास वीस मिनिटं बसलो, आणि बसायच्या जागेत कुत्री-मांजरं एकत्र. एका बाईंच्या टोपलीतलं मांजर आमच्या खारीकडे बघून जे फुत्कारलं त्यानं टाके तिथेच उसवले असते. निघताना किडनीसाठी म्हणून खाण्याचं एक महागडं पाकीट गळ्यात मारायचा प्रयत्न झाला. मी डॉक्टरना परत जाऊन विचारलं, ती म्हणाली, "रिपोर्ट नॉर्मल आलाय, गरज नाही." मग काउंटरवर कोण ठरवतं?

बिल मात्र मी ओळ न् ओळ तपासलं आणि एवढं सोडलं तर रिजेक्टचा टॅग लावण्यासारखं काही सापडलं नाही. भूल देणारा वेगळा, कापणारी वेगळी, धरणारा वेगळा, रात्री जागणारा वेगळा. साडेपाच वर्षांचं शिक्षण. मशीन माणसांना लावतात तीच, पण माणूस सांगतो इथे दुखतंय म्हणून. इथे सगळं शोधून काढायचं. महाग वाटतं याचं खरं कारण मला वेगळंच दिसतं. दोन वर्षांपूर्वी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मेडिक्लेममधून परस्पर पैसे गेले. ते बिल मी वाचलंही नाही. मी, ज्यानं डोशाची जाडी मोजली, त्यानं! जनावराचं बिल थेट खिशावर येतं, म्हणून पहिल्यांदा दिसतं की उपचार म्हणजे किती पैसे. खारीचा विमा नव्हता. आता एजंटला विचारलं तर तो म्हणाला, या वयात नव्यानं कठीण आहे काका, पिल्लू असताना यायला हवं होतंत.

आणि पिल्लू असतानाचीच गोष्ट म्हणजे, २०१७ मध्ये खारी वर्षाची व्हायच्या आत एका डॉक्टरनं नसबंदी करून घ्या म्हणून सांगितलं होतं. साडेसहा हजार. मी म्हणालो होतो, कशाला उगीच मुक्या जनावराला कापायचं, आणि एकदा पिल्लं होऊ देत. पिल्लं कधी झाली नाहीत. मी कधी जमवूनच आणलं नाही. पिशवी काढलेली असती तर पायोमेट्रा व्हायला जागाच नव्हती. स्वीडनमध्ये विम्याच्या नोंदींवरून काढलंय म्हणे की नसबंदी न केलेल्या कुत्रींपैकी साधारण पाचातल्या एकीला दहा वर्षांच्या आत हे होतं. म्हणजे मी साडेसहा हजार वाचवून आठ वर्षं लॉटरी खेळलो.

आमच्या गल्लीत काळी म्हणून एक कुत्री आहे, भाजीवाल्याच्या गाडीखाली झोपते. तिच्या कानाचं टोक छाटलेलं आहे. पालिकेनं नसबंदी केली की खूण म्हणून तसं करतात. म्हणजे काळीला हे दुखणं होणार नाही. रोज मी तिच्यासमोरून खारीला उचलून नेत होतो, पावसात पाय ओले होऊ नयेत म्हणून.

त्या वर्तकनगरच्या दुकानात मी एकदा परत गेलो. भांडायला नाही. रिपोर्ट दाखवायला. गृहस्थांनी बघितला, म्हणाले, "हां, असं होतं कधीकधी." आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कडेवरच्या पिल्लाच्या मांडीत इंजेक्शन दिलं. पिल्लाचं वजन केलं नाही. मी बाहेर पडता पडता त्या पिल्लू घेतलेल्या मुलाला भिंतीकडे बोट दाखवून म्हटलं, "सर्टिफिकेट कुठे लावलंय ते विचार जरा." त्याला वाटलं असेल, म्हातारा चक्रम आहे.

खारी आता बरी आहे. वजन नऊ किलो दोनशे, हॉस्पिटलच्या काट्यावर, चटई वजा करून. दिवसाला साडेपाचशे मिली पाणी पिते. मी अजून लिहितो. गेल्या महिन्यात तपासणीला नेली तर डॉक्टरनं तिचा जबडा उघडून मागच्या दाढा दाखवल्या, कीट चढून तपकिरी झालेल्या. भूल देऊन साफ करावं लागेल, रक्ततपासणी धरून साडेआठ हजार. मी म्हटलं, "बघू, घरी विचार करून सांगतो."

ही पाठीमागून काउंटरवरच्या त्या इंग्रजी मुलीला म्हणाली, "मंगळवारचं लिही. सकाळचं. आणि अंदाजाच्या कागदावर कोन लिहू नकोस, आमच्याकडे आहे." मुलगी म्हणाली, "हो काकू." मराठीत.